कुमुदमावशीच्या मांजरांविषयी

रामबाग, इंदूर
गुरुवार

चि. निनाद यास आईचे अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, "गाडी बोलवा आणि सगळी मांजरं एकदाची उचलून न्या." मावशी शेजारीच बसली होती, म्हणून मी गप्प राहिले.

काल मोजली, सतरा आहेत. दार उघडलं की मुताच्या वासानं डोळे चुरचुरतात. तिचा खोकलाही त्यानेच हटत नाही. ब्लाउजच्या कप्प्यात चार पिल्लं होती, डोळे चिपडांनी मिटलेले. मी कोमट पाण्यात कापूस बुडवून पुसत होते आणि ती मागून म्हणत होती, "हळू गं, हळू." चौथं गार पडलेलं होतं. "झोपलंय ते," म्हणाली. मी हातात घेतलं, तरीही तेच म्हणाली.

निनाद, तिला निर्दयी म्हणू नकोस. काका गेले तेव्हा दोनच मांजरं होती. चार-पाच महिन्यांची मांजरी गाभण राहू शकते आणि दोन महिन्यांत विते. एकीचंही ऑपरेशन केलं नाही, वर रस्त्यावरची आणत गेली. हा आजार आहे रे. साठवत राहण्याच्या आजाराला 2013 पासून मानसोपचाराच्या निदानपुस्तकात स्वतंत्र जागा आहे आणि त्यात जनावरं साठवणंही आलं.

गाडी एकदा आलीच होती, दोन वर्षांपूर्वी. सहा महिन्यांत पुन्हा नऊ जमली, आणि तिनं आम्हाला दार उघडणं सोडलं ते वर्षभर. स्वच्छतेत पहिला नंबर मिळवणाऱ्या गावात शेजाऱ्यांचा संताप मला कळतो. पण तो रस्ता पुन्हा नको.

आता आधी माद्यांची नसबंदी. दोन-दोन करून नेणार, महूच्या व्हेटर्नरी कॉलेजात आधी विचारते. मग जी दुसऱ्या घरी रुळतील ती द्यायची. तीन तिच्याकडेच राहतील, कुठली ते तीच ठरवील. हातावरच्या ओरखड्यांसाठी रेबीजची इंजेक्शनं सुरू केली. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर मी स्वतःच बोलले. मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे यायला ती अजून तयार नाही. दर गुरुवारी जाते, एक खोली झाडते, चहा पिऊन येते.

तू रविवारी तिला फोन कर. वासाचं काढू नकोस, मांजरांची नावं विचार. दिवाळीत तू उंबऱ्यावरूनच परत फिरलास, ते तिला फार लागलंय. पुढच्या खेपेला आत जा, जुने कपडे घालून जा, पण आत जा.

तिच्या चादरी धुवायला आणल्यात, त्या वाळत घालते.

तुझी आई