१८५९ चा कॅनेडियन सेंट : वर्णन एका व्हरायटीचे, नाणे दुसरेच

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ऑनलाइन नाणी विक्री विभाग

विषय : चुकीची व्हरायटी पाठवून परतावा नाकारल्याबाबत

महोदय / महोदया,

आपल्या संकेतस्थळावरून मी १८५९ चा कॅनेडियन लार्ज सेंट (कॅनडाचे जुने, मोठ्या आकाराचे एक सेंटचे नाणे) घेतला. वर्णनात ‘वाइड नाइन ओव्हर एट’ (८ वर मारलेला रुंद ९) असे स्पष्ट लिहिले होते आणि किंमतही त्याच व्हरायटीची, म्हणजे त्या वर्षाच्या नाण्याच्या त्याच उपप्रकाराची, लावली होती. हाती आले ते ‘डबल पंच्ड नॅरो नाइन’ (दोनदा ठोकलेला अरुंद ९). नाणे परत घ्या म्हटल्यावर आपल्या प्रतिनिधींनी कळवले की वजन ४.५४ ग्रॅम, व्यास २५.४ मिमी, वर्ष १८५९, सगळे जुळते. सबब परतावा मिळणार नाही.

वजनाबद्दल माझी तक्रारच नाही. नाणे अस्सल आहे. पण १८५८ आणि १८५९ चे ब्राँझचे सेंट याच वजनाचे पाडलेले आहेत. १८७६ पासूनचे लार्ज सेंट ५.६७ ग्रॅमचे. वजनावरून एवढेच ठरते की हे पहिल्या दोन वर्षांचे नाणे आहे. व्हरायटी ठरते ती शेवटच्या ९ वरून. लंडनच्या टांकसाळीत १८५८ च्या काही डायवरच्या (नाणे पाडायच्या साच्यांवरच्या) ८ वर रुंद ९ चा पंच (अंक ठोकायचा ठसा) मारून त्या पुढच्या वर्षी वापरल्या गेल्या, म्हणून त्या नाण्यांवर रुंद ९ खाली ८ चे अवशेष दिसतात. मला पाठवलेल्या नाण्यावरचा ९ अरुंद आहे. त्याला लागून जी जादा रेघ दिसते ती ९ चीच आहे; पंच दोनदा बसला आणि दुसऱ्यांदा किंचित सरकला. पूर्वी यालाही ८ वरचा ९ म्हणत, पण ती नोंद कॅटलॉगमध्ये कधीच दुरुस्त झाली आहे. साध्या भिंगाखाली अंकाची रुंदी पाहिली असती तरी हा घोळ टळला असता.

खेद याचा वाटतो की १८४० चा रुपया विकताना आपण राणी व्हिक्टोरियाच्या मानेवरची ‘डब्ल्यू. डब्ल्यू.’ अक्षरे पाहता, मागच्या बाजूच्या माळेतल्या बेरी (फळे) मोजून आकडा लिहिता. ती अक्षरे नाण्याचा शिल्पकार विल्यम वायन याची. हा सेंट त्याच्याच मुलाने, लिओनार्ड चार्ल्स वायनने घडवलेला. मग तीच काळजी इथे का नाही? आपल्याकडचे १८९१ चे सेंटही नुसते ‘१८९१’ म्हणून एकाच भावाने लावले आहेत. त्या वर्षी मोठी पाने-मोठे अंक, मोठी पाने-लहान अंक आणि लहान पाने-लहान अंक असे तीन प्रकार आहेत (पाने मागच्या बाजूच्या वेलीची, अंक वर्षाचे) आणि त्यांच्या किमतींत मोठे अंतर आहे. नवा संग्राहक आपल्या शब्दावर पैसे मोजतो, हे कृपया ध्यानात घ्यावे.

माझ्या मागण्या : पूर्ण रक्कम आणि परत पाठवण्याचा टपालखर्च मिळावा, उरलेल्या १८५९ च्या सेंटची वर्णने नव्याने तपासावीत, आणि प्रत्येक नाण्याच्या वर्षाचा मोठा, स्पष्ट फोटो द्यावा. सध्याच्या फोटोत ९ वर दिव्याची चकाकी आहे, काहीच ओळखू येत नाही.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे जाहिरातीतल्या वर्णनाशी न जुळणारी वस्तू परत घेणे विक्रेत्याला नाकारता येत नाही, आणि तक्रारीचे निवारण एका महिन्यात व्हायला हवे. तसे न झाल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे, १९१५ या क्रमांकावर, तक्रार नोंदवीन.

सोबत : पावतीची प्रत, विक्रीच्या वेळच्या वर्णनाचा स्क्रीनशॉट, अंकाचे भिंगातून काढलेले फोटो.

आपला,
एक ग्राहक