आईला इथे वेरूळ भेटलं

निशिकासाई, टोकियो
डिसेंबरचा पहिला आठवडा

प्रिय मित्रा,

तुझं पत्र येऊन महिना झाला. उत्तराला उशीर झाला, कारण आईचं मन इथे लागत नव्हतं आणि त्यामुळे माझंही कशात लक्ष नव्हतं. नाना गेल्यावर तिला एकटं ठेवायचं नाही म्हणून आणलं खरं, पण तीस वर्षं इतिहास शिकवलेली बाई दिवसभर खिडकीशी गप्प बसून राहायची. तुझ्या बाईंना असं गप्प पाहिलंयस कधी? गेल्या रविवारी जे झालं ते म्हणूनच तुला लिहायला बसलोय.

आम्ही सगळे जिंदाइजीला गेलो. हे देऊळ टोकियोच्या पश्चिमेला, चोफूत आहे. आमच्याकडून मिताकापर्यंत एकच गाडी, पुढे बस. उतरलं की झऱ्याचं पाणी खळखळताना ऐकू येतं आणि समोर गवताने शाकारलेला दरवाजा दिसतो. तो १६९५ सालचा आहे. १८६५ च्या आगीत बरंचसं देऊळ जळालं, पण हा वाचला. त्या काळपट गवतावर मेपलची पानं पडली होती. एकाच फांदीवर टोकाची पानं कुंकवासारखी, मधली हळदीसारखी आणि सावलीतली अजून हिरवीगार. धाकटीने मूठभर वेचून आजीच्या पोथीत ठेवायला दिली.

देवळाची स्थापना ७३३ सालची. कथा अशी की एका तरुणाच्या प्रेमाला मुलीच्या आईवडिलांचा विरोध होता. त्यांनी मुलीला तळ्यातल्या बेटावर ठेवलं. त्याने जिंजा दाइओ या देवाचा धावा केला, तेव्हा एक कासव आलं आणि त्याला पाठीवरून पलीकडे घेऊन गेलं. त्यांच्याच मुलाने पुढे हे देऊळ उभारलं. वाळवंटात ह्युएन त्संग या चिनी प्रवासी भिक्षूला तारणारा देव तो हाच. मी हे वाचून दाखवलं मात्र, आई थांबलीच. "अरे, ह्युएन त्संग म्हणजे आपल्या पुलकेशीच्या राज्यात येऊन गेलेला!" आणि तिथेच नातवंडांचा तास सुरू झाला. महिनाभरात तिचा आवाज मी पहिल्यांदा एवढा मोठा ऐकला.

मग तिथली बुद्धमूर्ती पाहिली. सातव्या शतकाच्या उत्तरार्धातली कांस्याची, जेमतेम दोन हात उंच. १९०९ साली इथल्याच एका वेदीखाली सापडली आणि २०१७ मध्ये तिला राष्ट्रीय ठेव्याचा मान मिळाला. बुद्ध मांडी घालून नाही, खुर्चीत बसल्यासारखा दोन्ही पाय खाली सोडून बसलाय. चेहरा एखाद्या लहान मुलाचा. आई काचेजवळ गेली आणि हळूच म्हणाली, "दहा नंबरचं लेणं." नववीच्या सहलीत वेरूळला सुतार की झोपडीत, म्हणजे त्याच दहाव्या लेण्यात, तिने आपल्याला स्तूपापुढच्या बुद्धासमोर उभं करून विचारलं होतं, याचे पाय कसे आहेत बघा? तू एकट्याने बरोबर उत्तर दिलं होतंस. तिला ते अजून आठवतं.

जेवायला सोबा. इथली जमीन भाताला चांगली नव्हती, म्हणून शेतकरी कुट्टू पिकवत. त्याच्या पिठाच्या शेवया इथे देवळाभोवतीच्या दुकानादुकानांत मिळतात. अडचण एकच, सोबतच्या रसात सुकवलेल्या मासळीचा अर्क असतो. दोन दुकानांतून परत फिरलो. तिसऱ्या दुकानातल्या बाईंनी आईसाठी नुसतं मीठ आणि हिरवा तिखट वासाबी आणून दिला. थंडगार, करड्या शेवया आईने चिमूट चिमूट मीठ लावून चवीने खाल्ल्या. शेवटी एका चौकोनी लाकडी भांड्यातून शेवया उकडलेलं गढूळ, गरम पाणी आलं. लोक ते उरलेल्या रसात ओतून पितात. आईने वाटीत घेऊन मीठ टाकलं, एक घोट घेतला आणि म्हणाली, "म्हणजे हेही कट फेकत नाहीत. आपण नाही का पुरणाच्या डाळीच्या कटाची आमटी करत?" तिने पुन्हा वाटी भरून घेतली. त्या बाईंना ते इतकं आवडलं, की त्यांनी वाकून दोनदा नमस्कार केला. आईनेही हात जोडले.

बसमध्ये ती धाकटीला पुलकेशी आणि हर्षवर्धनाची लढाई सांगत होती.

वेरूळच्या सहलीचा तो फोटो तुझ्याकडे असेल तर शोधून पाठव. आईने दोनदा विचारलंय. काकांना साष्टांग नमस्कार, वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच मित्र