आपलं घर लाल बावट्याचं

लाइपझिग, 9 मार्च 2025

ती. अण्णा आणि आईस सा. न.

रोज फोनवर बोलतोच, पण हे फोनवर सांगायला जमेना, मी सुरू केलं की दादा मध्येच "थंडी किती हाय" विचारतो आणि विषय तिथंच मरतो. म्हणून टाइप करून पाठवतेय, दादानं मोठ्यानं वाचून दाखवायचं, मधलं काही गाळायचं नाही.

इथं जर्मनीत 23 फेब्रुवारीला निवडणूक झाली, आपल्या लोकसभेसारखी. खरं तर सप्टेंबरात होती पण तीन पक्षांचं सरकार नोव्हेंबरमध्येच फुटलं. त्या पक्षांचे रंग लाल, पिवळा, हिरवा, म्हणून सगळे त्याला सिग्नलचं सरकारच म्हणायचे. तर मतदानाच्या आधी आमच्या वॉर्डातल्या सगळ्या सिस्टर ब्रेकमध्ये मोबाईल काढून एकच गोष्ट करत बसायच्या, तिचं नाव वाल-ओ-माट. मला आधी वाल आणि माठाची भाजीच आठवली, खोटं नाही सांगत. ते सरकारी संस्थेचं आहे, 2002 पासून चालू आहे. 38 वाक्यं असतात, प्रत्येकाला सहमत, तटस्थ नाहीतर असहमत म्हणायचं, जे फार महत्त्वाचं वाटतं ते डबल धरता येतं आणि शेवटी तुमचं मत कुठल्या पक्षाशी किती टक्के जुळतं ते दाखवतं. आणि पक्षांची उत्तरं दुसऱ्या कुणी भरलेली नसतात बरं का, त्या त्या पक्षानं स्वतः दिलेली असतात, का तसं म्हणतोय त्याचं कारण पण लिहिलेलं असतं. आपल्याकडं कुणी असं लिहून देईल का, तुम्हीच सांगा.

मग एकीनं मला विचारलं, तू कोण? डावी, उजवी, मधली? मी म्हणाले आमचं घर शेकापचं. म्हणजे काय, तर शेतकरी कामगार पक्ष, लाल बावटा, आमच्या सांगोल्यात एक माणूस 11 वेळा आमदार झाला आणि तरी एसटीनं फिरायचा. हे ऐकून सगळ्या खूष. मग ती म्हणाली, म्हणजे तू डावी. आणि मला हो पण म्हणता येईना आणि नाही पण. कारण मी घर सांगितलं होतं, माझं सांगितलंच नव्हतं.

अण्णा, मी पहिलं मत दिलं 2009 ला. शाळेपर्यंत तुमच्या गाडीवर मागं बसून आले आणि वाटेत तुम्ही कुठलं बटण ते सांगितलंत, मी दाबलं, बोटाला शाई लागली, भारी वाटलं. आबासाहेबांना, म्हणजे त्याच एसटीनं फिरणाऱ्या गणपतराव देशमुखांना मत म्हणजे त्यात विचार कसला करायचा, घरात देव कुठला ते जसं ठरलेलं तसं. मग लग्न झालं आणि मी एका दिवसात कमळाची झाले. सासरी पण कुणी विचारलं नाही, आम्ही कुंकू बदललं तसा पक्ष बदलला असं धरूनच चालले सगळे. 2019 ला आपली सीट 768 मतांनी गेली तेव्हा तुम्ही दोन दिवस जेवला नाहीत आणि इकडं सासरी दीर पेढे वाटत होता, मी एक पेढा खाल्ला पण, सॉरी. त्याच वर्षी धाकट्या चुलत्यांच्या घरी जायचं बंद केलंत ना तुम्ही, ते फुटले म्हणून. कोण कुठलं ते आपल्याकडं अख्ख्या गावाला माहीत असतं, पण माणसाला नेमकं काय वाटतं ते शेजारच्या खोलीतल्याला पण माहीत नसतं.

तर मी ते 38 भरले. मतदान मला नाहीच इथं, आणि भारतातलं द्यायचं तर तिकीट काढून यावं लागतं, तरी भरले. किमान पगार तासाला 15 युरो करा, सहमत. ऑटोबानवर, म्हणजे इथल्या मोठ्या हायवेवर, सगळीकडं स्पीड लिमिट लावा, सहमत, तर त्यावर एवढ्या शांत पोरी भडकल्या की बाकी काही बोल पण आमच्या गाडीला हात लावू नको. चाळीस वर्षं पैसे भरले की पूर्ण पेन्शन द्या, त्याला तर मी बराच वेळ बघत बसले, तुम्ही पन्नास वर्षं रान केलंत. आणि मग आलं की आश्रय मागायला आलेल्यांना सीमेवरूनच परत पाठवायचं का. माझं बोट तिथंच अडकलं. मी व्हिसा घेऊन, जर्मनच्या परीक्षा देऊन रीतसर आले, तो मस्तकात एक माज असतोच, आणि दुसरीकडं माझ्या पेशंटमध्ये बोटीतून आलेली माणसं पण आहेत. एक दाबलं, बदललं, परत बदललं, शेवटी सोडून दिलं. कुठला पक्ष वर आला ते नाही सांगणार, दादा लगेच ग्रुपवर टाकेल.

माझ्या वर एक आजी राहते, चौऱ्याहत्तर वर्षांची, जन्मापासून इथंच. तिला सहज विचारलं तुम्ही कुणाला मत देणार, तर तिनं चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाली, हे मी नवऱ्याला पण कधी सांगितलं नाही. पूर्व जर्मनीच्या काळात मतदानाला जाणं म्हणजे घडी घालायला जाणं म्हणायचे, यादी एकच, कागद घ्यायचा, घडी घालायची, पेटीत टाकायचा. कोपऱ्यात पडदा असायचा पण पडद्यामागं गेलात की कुणीतरी नोंद घेणार. 7 मे 1989 च्या निवडणुकीत सरकारनं सांगितलं 98.85 टक्के लोक आमच्याच बाजूनं, आणि लोकांनी मोजणीला स्वतः उभं राहून आकडे टिपले होते, जुळले नाहीत. त्याच वर्षी 9 ऑक्टोबरला इथल्या रिंग रोडवर सरकारविरुद्ध सत्तर हजार लोक उतरले, त्यात आजी होती, गोळीबार होणार असं वाटत होतं म्हणून पोरगं बहिणीकडं ठेवून गेलेली. आता पडद्यामागं जायला कुणाला भीत नाही, म्हणून ते मी कुणाला देणार नाही, म्हणाली.

निकाल तुम्ही पाहिलाच असेल. आमच्या लाइपझिगच्या दक्षिण भागात डाव्यांचा माणूस निवडून आला, आणि अख्ख्या सॅक्सनी राज्यात एएफडी पहिला, 37 टक्के. बाहेरच्यांना परत पाठवा म्हणणारा तो पक्ष. सोमवारी वॉर्डात कॉफी जास्त आणि बोलणं कमी. मला पहिल्या महिन्यात जिनं सगळं शिकवलं, माझ्यासाठी घरून गादी आणली, तिनंच दुपारी सांगितलं, मी त्यांना दिलं, पण ते तुझ्याबद्दल नाही गं. मला काय बोलायचं सुचेना. तेव्हा बेल वाजली आणि आम्ही दोघी मिळून एका आजोबांना कुशीवर वळवलं. अजून बोलतो आम्ही, पण मी ते विसरले असं नाही. आणि मनात आलं की तिनं निदान तोंडावर सांगितलं, धाकट्या चुलत्यांना तर तुम्ही तेवढी पण संधी दिली नाहीत. रागावू नका.

अण्णा, एक करा. दादाला सांगून मी पाच-सहा प्रश्न पाठवते, कर्जमाफी, पाणी, आरक्षण, वीजबिल असे, पक्षाचं नाव न घेता तुम्ही उत्तरं द्या. 2019 ला आपल्याला हरवलेल्या शहाजीबापूंचं नाव पण काढायचं नाही.

आणि आई, तुला मी कधीच विचारलं नाही. तू दर वेळी मतदानाला सगळ्यांच्या शेवटी, स्वयंपाक आवरून जायचीस आणि आल्यावर सरळ चुलीकडं. सगळ्यांनी धरलंय की तू अण्णांचंच दाबतेस. तसं आहे का? रविवारी अण्णा रानात गेल्यावर फोन करते. नसेल सांगायचं तर डाळिंबाचा भाव सांग, मी समजून घेईन.

तुमची,
माई