रोस्टर मागवून घेणाऱ्या मॅडमना

मॅडम,

तुम्ही आता दुसऱ्या विभागात आहात, त्यामुळे हे जाहीरपणे लिहिलं तरी खुशामत केली असं कुणी म्हणणार नाही.

कर्मचाऱ्यांचं आरोग्य म्हटलं की आमच्याकडे एक व्याख्यान, तासभर योगासनं आणि भिंतीवर पोस्टर, एवढं ठरलेलं होतं. योगासनांशी भांडण नाही. पण रात्रपाळी उरकून आलेल्यांना 'तणावमुक्त कसे जगावे' ऐकायला थांबवून ठेवणं ही चेष्टाच होती. तुम्ही आलात आणि आधी रोस्टर मागवून घेतलंत.

आमच्या पाळ्या उलट्या फिरायच्या: रात्र, मग दुपार, मग सकाळ. तुम्ही त्या सुलट केल्यात. शरीरातलं घड्याळ बहुतेकांच्या बाबतीत 24 तासांहून जरा लांब चालतं, म्हणून झोप पुढे ढकलणं सोपं आणि अलीकडे आणणं जड, हे तुमच्याकडूनच कळलं. दोन पाळ्यांमध्ये किमान 11 तास मोकळे ठेवलेत. युरोपीय संघाच्या 2003च्या निर्देशात रोजची सलग विश्रांती एवढीच धरली आहे.

ओव्हरटाइमला लगाम घातलात तेव्हा मात्र आम्हीच कुरकुरलो. तुम्ही जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा 2021चा अंदाज दाखवलात: आठवड्याला 55 तास किंवा जास्त काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका 35 ते 40 तासवाल्यांपेक्षा सुमारे 35 टक्के अधिक. आकड्यांनी कुरकुर थांबली नाही, कारण घर त्या पैशांवर चालत होतं. वरिष्ठांशी वाद घालून तुम्ही भत्ता वाढवून आणलात, तेव्हा थांबली. पगाराला हात न लावता आरोग्याच्या गप्पा मारणाऱ्यांनी एवढं तरी पाहावं.

रजेच्या अर्जातला कारणाचा रकाना तुम्ही काढून टाकलात. समुपदेशकाकडे जायचं असलं की 'पोटदुखी' लिहायची गरज उरली नाही.

आमच्या पाळीतला एकजण घाबरण्याच्या झटक्यांमुळे दीर्घ रजेवर गेला होता. परतल्यावर तुम्ही त्याला आधी अर्धा दिवस दिलात, रात्रपाळीतून वगळलंत, आणि 'आता बरं आहे ना?' असं चारचौघांत विचारू नका, अशी आम्हाला ताकीद दिलीत. हळूहळू तास वाढले. आता तो पूर्ण पाळी करतो. त्याच्याबद्दलचा हा मजकूर त्याला दाखवूनच इथे घातला आहे. त्याने एकच दुरुस्ती सुचवली: 'आभार' आधी त्याचे लिहावेत.

त्याचे, आणि मग आम्हा सगळ्यांचे.

तुमच्या जुन्या पाळीतला एक