जीवशास्त्राचं प्रात्यक्षिक खरोखर घ्या

महोदय,

बारावीच्या जीवशास्त्राला ७० गुणांची लेखी परीक्षा आणि ३० गुणांचं प्रात्यक्षिक असतं. त्या ३० गुणांमागे किती काम झालेलं असतं, हे मला दरवर्षी जूनजुलैनंतर कळायचं. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला मी २६ वर्षं शरीररचना आणि शरीरक्रिया शिकवली.

पहिल्याच तासाला मी मुलींना शेजारणीची नाडी शोधायला सांगायचे. निम्म्याजणी मनगटावर अंगठा टेकवायच्या. अंगठ्याची स्वतःची नाडी असते, रुग्णाऐवजी आपलीच मोजली जाते, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसायचं. याच मुलींना हृदयाचे कप्पे तोंडपाठ! पण लेफ्ट व्हेंट्रिकल, म्हणजे खालचा डावा कप्पा, आकृतीत पानाच्या उजव्या अंगाला का, म्हटलं की वर्ग गप्प. आकृतीतल्या माणसाचं तोंड आपल्याकडे असतं, एवढंच उत्तर. एका हुशार मुलीनं तर ठोके ऐकायला स्टेथोस्कोप छातीच्या उजवीकडे लावला. तिच्या जर्नलमधलं हृदय फार सुबक होतं. विचारलं तर म्हणाली, "मॅडम, जर्नल मैत्रिणीचं बघून उतरवलं. कॉलेजात परीक्षेपुरतंच जायचो, बाकी दिवसभर क्लास." मला तिचा राग आला नाही, तिला तसं घडवणाऱ्यांचा आला.

याला फार खर्च लागत नाही. मी वर्गात बोकडाचं हृदय न्यायचे. मटणाच्या दुकानात 'काळीज' मागितलं तर यकृत हातात पडतं, म्हणून 'दिल' मागायचं; वरच्या नळ्या राखून, न चिरता ठेवा, असं आदल्या दिवशी सांगायचं. आधी महाधमनीत पाणी ओतायचं. तीन पाकळ्यांची झडप मिटते, पाणी वरच थांबतं. मग उभा छेद. डाव्या व्हेंट्रिकलची भिंत उजवीपेक्षा कितीतरी जाड. उजव्याला रक्त शेजारच्या फुप्फुसांपर्यंतच ढकलायचं असतं, डाव्याला मेंदूपासून पायाच्या बोटांपर्यंत. हे एकदा बोटांनी चाचपलं की पाठ करावं लागत नाही.

मांसाला हात लावायचा नसेल, तर स्वतःचं शरीर आहेच. गळ्याच्या खळगीतून छातीच्या हाडावर बोट खाली आणा, आडवा उंचवटा लागतो. तिथे दुसरी बरगडी जुळते. तिथून मोजत डावीकडे पाचव्या आणि सहाव्या बरगडीमधल्या फटीत या. गळ्याच्या हाडाच्या मध्यातून सरळ खाली येणाऱ्या रेषेवर हृदयाचं टोक धडकताना हाताला लागतं.

मंडळाला माझी विनंती आहे, बाह्य परीक्षकांनी जर्नल उघडण्याआधी विद्यार्थ्याला पूर्ण एक मिनिट नाडी मोजायला लावावी. आणि बार्शी परिसरातल्या कुठल्याही कनिष्ठ महाविद्यालयानं बोलावलं, तर हृदय आणि सुरी घेऊन मी स्वतः येईन. मानधन नको, फक्त त्या दिवशी मुलं क्लासला न जाता वर्गात असावीत.

एक निवृत्त पाठ्यनिर्देशिका,
बार्शी, जि. सोलापूर