तीन शून्यं कुठे सांडली?

संपादक महोदय,
स. न.

रविवारच्या पुरवणीतला इराकवरचा लेख वाचला. ‘नुसतं कोंडून ठेवून सद्दाम सुधारला असता का?’ असा सवाल लेखकाने मोठ्या झोकात टाकलाय. कोंडून ठेवणं म्हणजे युद्धाऐवजी निर्बंध, शस्त्रतपासणी आणि उड्डाणबंदी. त्याला सुधारायचं होतं कुणाला? त्याच्या हाती काही लागू द्यायचं नाही, एवढंच काम होतं.

ते असो. पत्र लिहितोय ते बगदादजवळच्या अल-काका या दारूगोळा कारखान्याबद्दलच्या एका वाक्यापायी: ‘अल-काकाच्या कोठारातून 195 किलो स्फोटके गहाळ झाली.’ अहो, किलो नाही, टन! 155 मिमीच्या एका तोफगोळ्यात जेमतेम 7 किलो स्फोटक मावतं. म्हणजे झाले सुमारे 28 हजार गोळे. हा हिशेब नुसत्या एचएमएक्स या जहाल स्फोटकाचा, आरडीएक्स वेगळंच.

एचएमएक्स अणुबॉम्बचा गाभा चहूबाजूंनी दाबायला चालतं, म्हणून आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने बंकरच्या दारांना सील ठोकलं होतं. जानेवारी 2003 मध्ये निरीक्षकांनी माल पाहिला, मार्चमध्ये पुन्हा सील तपासलं, शाबूत. झरोके उघडे होते, ही फट कबूल. 20 मार्चला अमेरिकेची चढाई झाली. एप्रिलमध्ये बगदादकडे निघालेल्या पलटणी वाटेत याच आवारात थांबून पुढे गेल्या; राखण करायचा हुकूमच नव्हता. माल गेल्याचं ऑक्टोबर 2004 मध्ये कळवण्यात आलं. ही भुकटी डिटोनेटरशिवाय सहसा उडत नाही, त्यामुळे न्यायला टेम्पोही पुरतो. आपल्या सियागंजातला व्यापारी दुसऱ्याचं गुदाम ताब्यात घेताना आधी चौकीदार बसवतो, मग कुलूप काढतो. एवढी अक्कल महासत्तेला नसावी?

निर्बंधांत गरीब इराकी भरडला गेला आणि तेल चोरवाटांनी बाहेर जातच राहिलं, हे लेखकाचं म्हणणं खरं आहे. पण संयुक्त राष्ट्रांनी घातलेली 150 किमीची मर्यादा ओलांडणारी अल-समूद क्षेपणास्त्रं 1 मार्चपासून बुलडोझरखाली चिरडली जात होती, तीही एक गोळी न झाडता. त्यावर लेखात अवाक्षर नाही.

नकाशाबद्दल काय बोलावं! इराकी विमानांवरची दक्षिणेची उड्डाणबंदी 32 अक्षांशावर थांबवलीत. 1996 मध्येच ती 33 वर, पार बगदादच्या वेशीपर्यंत नेली होती. शब्दकोडंही गेल्याच आठवड्याचं पुन्हा छापलंय, पण त्याची उत्तरं तरी बरोबर होती.

शुद्धिपत्र काढणार असाल, तर वधू-वर जाहिरातींच्या खाली बारीक टायपात नको. त्याच पानावर, त्याच जागी छापा.

एक वाचक,
महू (इंदूर)