साडेतीन वितींची उशी

लाइपझिग, जर्मनी,
रविवार, 9 ऑक्टोबर 2022

प्रिय मित्रा,

"पोचलो, जेवलो, बरा आहे, एवढंच कळवतोस, जरा सविस्तर लिही की लेका," असं तू म्हणालास ना? मग आता चहा घेऊन बस. आज रविवार, मला कुठेही जायचं नाही आणि तुला एका उशीची गोष्ट सांगायची आहे.

निघायच्या आदल्या रात्री तू माझ्या बॅगेवर बसला होतास, आठवतंय? वजनकाटा तेवीस किलोच्या वर गेला आणि तू सरळ आजीने दिलेले दोन अभ्रे बाहेर काढलेस. "तिकडे काय अभ्रे मिळत नाहीत?" म्हणालास. मी ते परत आत कोंबले आणि बूट पायात घालून निघालो. ते दोन अभ्रे आणले याचा मला आजही आनंद आहे. पण त्यांच्यापायी जे घडलं ते ऐक.

1 तारखेला, शनिवारी रात्री साडेदहाला मी हॉस्टेलवर पोचलो. आमचं हॉस्टेल ज्या रस्त्यावर आहे त्याचं नावच '18 ऑक्टोबरचा रस्ता' आहे. 1813 साली 16 ते 19 ऑक्टोबर अशी चार दिवस इथे लढाई झाली आणि नेपोलियन हरला, त्याची ही आठवण. खोलीत पलंग, टेबल, कपाट, गादी, सगळं जागच्या जागी. उशी मात्र नाही. पांघरूणही नाही. ते ज्याचं त्याने आणायचं असतं. म्हटलं ठीक आहे, उद्या आणू.

उद्या रविवार! इथे रविवारी दुकानं बंद म्हणजे बंद. आपल्याकडे शटर अर्धं खाली असलं तरी खालून हात घालून दूध मिळतं, तसं काही नाही. रविवारची विश्रांती इथे थेट राज्यघटनेत आहे. 1919च्या जुन्या जर्मन घटनेतलं (तिला वायमार घटना म्हणतात) ते कलम 1949च्या, म्हणजे आताच्या घटनेत तसंच्या तसं उचललंय. मोठ्या रेल्वे स्टेशनातली थोडी दुकानं उघडी असतात, तिथे ब्रेड आणि केळी मिळाली. उशी कोण ठेवतंय स्टेशनात! मग वाटलं, सोमवारी सकाळी सकाळीच जाऊ. आणि सोमवार होता 3 ऑक्टोबर. 1990 साली दोन्ही जर्मनी एक झाले तो दिवस, राष्ट्रीय सुट्टी. म्हणजे सलग तीन रात्री मी जॅकेटची गुंडाळी करून तिच्यावर डोकं ठेवलं. जॅकेटची चेन कानाखाली यायची. सकाळी उठलो की गालावर रेल्वेचे रूळ उमटलेले.

मंगळवारी शेजारच्या खोलीतला मुलगा म्हणाला, चल, मी येतो. हा कोलंबियाचा. माझ्याआधी दोन महिने आलाय, त्यामुळे सगळी दुकानं त्याला ठाऊक. स्वभावाने तर असा मोकळा की तुझं आणि त्याचं पहिल्या दिवशीच जमेल. निघताना त्याने रिकाम्या बाटल्यांनी भरलेली एक भली मोठी पिशवी खांद्यावर टाकली. इथे प्लास्टिकच्या बाटलीमागे बहुतेक वेळा 25 सेंट अनामत घेतात. सुपरमार्केटातल्या यंत्राच्या तोंडात बाटली घातली की ते ती फिरवून बघतं, गिळतं आणि शेवटी चिठ्ठी देतं. काउंटरवर तिचे पैसे मिळतात. आम्ही 22 बाटल्या घातल्या. साडेपाच युरो! मला तर यंत्रासमोरून हलवेना. पण पिशवी रिकामी झाली हे महत्त्वाचं, कारण पुढे तीच कामाला आली.

उशीच्या दुकानात शिरलो. कोलंबियाकर पुढे, मी मागे, हातात आजीचा अभ्रा. आता हे समजून घे: जर्मनमध्ये उशीला 'किसेन' म्हणतात. आणि ओठांचा चंबू करून तोच शब्द 'क्युसेन' असा म्हटला, तर त्याचा अर्थ चुंबन घेणं. त्याच्या भाषेच्या वर्गात नुकताच हा चंबूचा उच्चार घोटून घेतलेला. तर हा पठ्ठ्या काउंटरवरच्या बाईंपुढे उभा राहिला, छान हसला, ओठांचा चंबू केला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "नमस्कार, आम्हाला एक क्युसेन हवंय. शक्यतो मऊ."

बाई साठीच्या आसपासच्या, चष्मा साखळीला लावलेला. त्यांनी आधी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग माझ्या हातातल्या अभ्र्याकडे. आणि एकदम गंभीरपणे म्हणाल्या, "ते आम्ही ठेवत नाही. उशा मात्र तिसऱ्या रांगेत आहेत." मग दोन्ही तळवे जोडून गालाखाली घेतले, डोळे मिटले आणि उशी म्हणजे काय ते करून दाखवलं. पुढच्या क्षणी त्यांनाच हसू आवरेना. मागे रांगेत उभे असलेले एक आजोबा हसता हसता काउंटरला धरून उभे राहिले. कोलंबियाकर तर सगळ्यांत जोरात हसत होता. परक्या गावात इतकं मनमोकळं हसणं मी पहिल्यांदाच ऐकलं, आणि खरं सांगतो, तीन रात्रींचा सगळा शीण तिथेच उतरला.

मग बाई स्वतः आमच्याबरोबर तिसऱ्या रांगेत आल्या. त्यांनी मला विचारलं, तुम्ही कसे झोपता? उताणे, कुशीवर की पालथे? लेका, इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. इथे तिघांसाठी तीन उशा! कुशीवर झोपणाऱ्याची तर माणसाएवढी लांब. एक उशी चेरीच्या बियांनी भरलेली. ती गरम करून पोटावर ठेवतात, पोट दुखलं की. धान्याच्या टरफलांची एक होती, हलवली की पावसासारखा आवाज येतो. मी प्रत्येक उशी दाबून बघत होतो आणि बाईही न कंटाळता प्रत्येकीचे गुण सांगत होत्या.

पण माप! डोक्याखालच्या साध्या उशा चौकोनी, 80 बाय 80 सेंटीमीटर. एका माणसाची एक उशी, कॅरम बोर्डाएवढी. बाईंनी टेप काढला आणि आजीचा अभ्रा काउंटरवर पसरला. तोच तो, जुन्या मऊ सुती कापडाचा, कोपऱ्यात हिरव्या दोऱ्याचा मोर, कडेला क्रोशाची झालर, तोंडाशी दोन शिंपल्याची बटणं. 44 बाय 68. बाई माप विसरल्या आणि मोरावरून बोट फिरवत राहिल्या. उलटं करून मागची बाजू बघितली. मागे एकही गाठ दिसत नाही, हे त्यांनी कोलंबियाकराला बोलावून दाखवलं. "कुणी केलं?" मी सांगितलं, आजीने. आजीचं वय विचारलं. ब्याऐंशी ऐकल्यावर त्यांनी चष्मा लावून परत एकदा मोर बघितला. हे आजीला नक्की सांग, जसंच्या तसं.

40 बाय 80ची एक लांबट उशीही इथे मिळते, ती थोडी जवळ गेली असती. पण ती संपली होती, पुढच्या आठवड्यात येणार. आणि मला चौथी रात्र जॅकेटवर काढायची नव्हती. कोलंबियाकर म्हणाला, "घडी घाल. चौकोनाची घडी घातली की लांबट होतो." बाईंनी मान हलवली, होकाराची की नकाराची ते कळलं नाही. मी पिसांची चौकोनी उशी घेतली. ती बाटल्यांच्या पिशवीत अर्धीच मावली. ट्रॅममध्ये तिला उभं धरलं तर मला समोरचं दिसेना, म्हणून शेवटी सीटवर तिला बसवलं आणि मी उभा राहिलो. पलीकडे एक लहान मुलगी आईच्या मांडीवर होती, तिने हळूच हात लांब करून उशी दोनदा दाबली आणि आईला काहीतरी सांगितलं. आई हसली.

खोलीवर आलो आणि खरी झटापट सुरू झाली. मी अभ्र्याचं तोंड फाकवून धरलेलं, तो उशीची घडी गुडघ्याखाली दाबून आत सारतोय. एक कोपरा आत गेला की दुसरा बाहेर. पिसांच्या उशीत हवा असते. इकडून दाबलं की तिकडून फुगते. शेवटी तो उशीवर बसला, हवा फुस्सकन निघाली, मी झालर सांभाळत अभ्रा मोज्यासारखा वर ओढला आणि बटणं लावली. अर्धा तास गेला. पण आजीची टीप, गड्या! एक धागा उसवला नाही.

उशी तयार झाली ती वरवंट्यासारखी. गोल, टणक, डोकं ठेवलं की घरंगळणारी. तरी तिच्यावर गाल टेकला आणि कापडाला अजून आजीच्या ट्रंकेतल्या कापराचा वास होता. मी लगेच झोपलो.

रात्री दोन-अडीचला 'टप्प' असा आवाज झाला. एक बटण उडून कपाटावर आपटलं आणि मागोमाग उशी अभ्र्यातून अशी बाहेर आली की माझं डोकं वीतभर वर उचललं गेलं. पलीकडून भिंतीवर टकटक झाली आणि आवाज आला, "क्युसेन?" मी अंधारात पोट धरून हसलो.

बटण पलंगाखाली सापडलं, जपून ठेवलंय. बुधवारी मी 80चा एक साधा पांढरा अभ्रा आणला, तो उशीला घातला आणि आजीचा अभ्रा वर सपाट पसरून चार कोपऱ्यांना आतून टाके घातले. आता आजीचा अभ्रा मधोमध आहे, चारी बाजूंना मोकळी जागा. दुसरा अभ्रा कपाटात घडी करून ठेवलाय.

आता तुझं काम. या रविवारी आजीकडे जा आणि नव्या अभ्र्याचं माप दे: साडेएकतीस इंच बाय साडेएकतीस इंच, शिलाईचं कापड वेगळं. तिला इंच नको वाटले तर सांग, चारी बाजूंनी साडेतीन वीत. दोन हवेत. दुसरा कोलंबियाकरासाठी, त्याने मोर स्वतः मागितलाय. एवढी मोठी उशी एका डोक्याला कशाला, असं ती विचारणारच. तिला म्हण, इथे कधी कधी सलग दोन दिवस दुकानं बंद असतात.

तुझाच,
मी